बंद आढळले

मित्रांनो, मी एक जुने शटर आहे. उल्हासनगरच्या कॅम्प पाचमध्ये एका अरुंद गल्लीत, डाव्या हाताचे सातवे. शेजारी होतचंदशेठचा इलॅस्टिकचा छोटा कारखाना आहे. लोक दुकानाच्या पाटीला हार घालतात, गल्ल्याची पूजा करतात, दसऱ्याला यंत्रांनाही झेंडू मिळतो. शटरच्या वाट्याला मात्र लाथच येते, कारण वाकून दाबण्यापेक्षा पायाने दाबणे सोपे पडते. त्याची माझी तक्रार नाही. मला सांगायचे आहे ते वेगळेच आहे. माझ्या हातून एक वाईट काम झाले, आणि ते मी अगदी झकास केले, याचेच मला दुःख आहे.

माझा जन्म अंबरनाथचा. एमआयडीसीच्या कडेच्या एका शेडमध्ये पत्र्याच्या लांब पट्ट्या एकमेकींत अडकवून मला घडवले, वर स्प्रिंग बसवली आणि निळा रंग दिला. टेम्पोत आडवे टाकून मला इथे आणले, तेव्हा सुनंदाताईंनी माझ्या कडीला हळदकुंकू लावले. सुनंदाताई म्हणजे माझ्या मालकीणबाई. त्यांचे यजमान मधूभाऊ अंबरनाथला एका कंपनीत पाळीवर कामाला जात. घराची पुढची खोली रस्त्याकडे उघडत होती; घराकडचे तिचे दार बुजवलेले होते. तिथे सुनंदाताईंनी नाड्या विणायची सहा यंत्रे मांडली. परकराच्या नाड्या, पायजम्याच्या नाड्या, पिशव्यांच्या नाड्या. धाग्याची रिळे एकमेकींभोवती फेर धरत आणि मधून विणलेली नाडी सरसर वर येई. हा फेर बघत मी दिवसभर वर गुंडाळून बसत असे.

एका पेंटरने माझ्यावर 'सुनंदा नाडी उद्योग' असे मोठ्या अक्षरांत लिहिले. पहिल्या दोन शब्दांनी जागा खाल्ली, त्यामुळे 'उद्योग' बिचारा कोपऱ्यात दाटीवाटीने उभा राहिला. गंमत अशी, की मी उघडे असले की नाव गुंडाळले जाई. ते वाचता येई फक्त मी बंद असताना.

सुनंदाताईंकडे पाच बायका काम करत. त्यांच्यात वयाने मोठ्या राजाबाई. त्या बदलापूरच्या पलीकडच्या एका गावातून येत. शेत विकले गेले होते, मुलगा विचारत नव्हता, आणि नाड्यांची बंडले बांधण्यात त्यांचा हात कोणी धरत नव्हते. "मना बसून खावाची सवय नाय गो," असे त्या रोज म्हणत आणि रोज सगळ्यांच्या आधी येत.

आता आमच्या गल्लीची रीत सांगते. गल्लीच्या तोंडाशी एक इस्त्रीवाला बसतो. मोठ्या रस्त्यावरून सरकारी पाटीची गाडी वळताना दिसली, की तो इस्त्री आपटून ओरडे, "पाहुणे आले!" लगेच गल्लीतली सगळी शटरे धडाधड खाली येत. यंत्रे थांबत. माणसे आतच गप्प बसत. बाहेर राहिलेला एकजण शेजाऱ्याच्या शटरला कुलूप लावून टाके, म्हणजे पाहणाऱ्याला वाटावे, इथे कोणी नाही. माझे कुलूप लावायचे काम होतचंदशेठचे. पाहुणे कुठल्या खात्याचे, कशासाठी आले, हे कोणी कधी विचारले नाही. एकदा कोणीतरी आले होते ते यंत्र उचलून घेऊन गेले, एकदा कोणी आले ते चहापाणी घेऊन गेले. तेवढ्यावरून गल्लीने एकच धडा घेतला होता. गाडी दिसली की मिटून घ्यायचे.

मला त्याचा मोठा अभिमान वाटे. पाऊण मिनिटात अख्खी गल्ली ओसाड दिसायची, आणि त्यात माझा वाटा होता. मला वाटे, या बायकांची अब्रू माझ्या पाठीवर आहे. आत सहा जणी घामाने निथळत असत, वारा यायला फट नसे, दार एकच आणि त्याला बाहेरून कुलूप, हे मला दिसत होते. तरी माझी मान ताठच होती. अभिमान चढला की डोळे असून काही दिसत नाही.

एका दुपारी असेच पाहुणे आले. मी खाली पडले, होतचंदशेठनी कुलूप घातले. घाईत एका यंत्राचे बटण चालूच राहिले होते. धागा अडकला, मोटार तापली आणि खोलीत काळा धूर भरू लागला. बायकांनी आतून मला बडवायला सुरुवात केली. होतचंदशेठ धावत आले, पण घाईत चावी दोनदा कुलपाला चुकली. कुलूप निघाले, तर मीच गुडघ्याएवढे वर जाऊन अडकले. माझ्या बाजूच्या खाचांत बारा वर्षांचा गंज होता. एकेक बाई जमिनीवर सरपटत माझ्याखालून बाहेर आली. राजाबाईंची पाठ माझ्या कडेने सोलून निघाली. रक्त पुसत राजाबाईच सुनंदाताईंना समजावत होत्या, "रडतंस कनाला? मी काय मेली नाय."

त्या दिवसापासून दोन गोष्टी बदलल्या. कुलूप नुसते अडकवायचे, चावी फिरवायची नाही, असे ठरले. आणि सुनंदाताईंनी मनाशी पक्के केले, की आता या खोलीत बायकांना फार दिवस बसवायचे नाही. दोन दारांची, वाऱ्याची, हक्काची जागा बघायची.

नशिबाने तशी संधी आलीच. राहत्या वस्तीत मोटारीवर चालणारे कारखाने नकोत, अमुक तारखेनंतर ते बंद करावेत, असा हुकूम निघाला. पण त्याचबरोबर, जे छोटे कारखाने खरोखर चालू आहेत, त्यांना अंबरनाथला एका नव्या इमारतीत गाळे द्यायचे, असेही ठरले. अर्ज करायचा, मग अधिकारी एकदा येऊन कारखाना चालू आहे की नाही ते बघणार. नियम चांगला होता, मित्रांनो. मी शटर असून मला तो पटला.

सुनंदाताईंनी अर्ज केला. मधूभाऊंबरोबर जाऊन त्या रिकामा गाळाही बघून आल्या आणि बायकांना कौतुकाने सांगू लागल्या, "दोन दारं आहेत गं. आणि खिडकी केवढी! राजाबाई, तुमची बसायची जागा मी खिडकीपाशीच धरून आलेय."

"मंग माजे मढ्यालाच बाहेर काढा तिथून," राजाबाई म्हणाल्या आणि सगळ्या हसल्या.

ही गोष्ट गल्लीत मात्र त्यांनी कोणाला सांगितली नाही. काम होण्याआधी बोललं की नजर लागते, असे त्यांचे मत. होतचंदशेठनाही सांगितले नाही. रोज ज्याच्या घरचा चहा प्यायचा, त्याच्यापासून लपवायचे त्यांच्या जिवावर येई. साहेब या महिन्यात कधीही येतील, एवढे त्यांना कचेरीतून कळले होते. म्हणून त्यांनी खोली झाडून घेतली, लोंबणाऱ्या वायरी बांधून घेतल्या, साहेबांसाठी फुलांचे कप आणून ठेवले. आणि एक मिस्त्री बोलावून माझा गंज खरवडला, खाचांत भरपूर ग्रीस भरले. बारा वर्षांत पहिल्यांदा कोणी माझी एवढी काळजी घेतली. एका बोटाने ओढले तरी मी खाली येऊ लागले.

विसाव्या-एकविसाव्या दिवशी, सकाळी अकराच्या सुमाराला, इस्त्री आपटली. "पाहुणे आले!"

सुनंदाताई दारातच रिळे मोजत उभ्या होत्या. साहेबांची वाट त्याच बघत होत्या. कप त्यांनीच आणले होते. पण बारा वर्षांची सवय ती. डोक्यात विचार यायच्या आत हात वर गेला. त्यांनी मला ओढले. आणि मी, मित्रांनो, लोण्यातून सुरी जावी तसे खाली आले. कुठे अडखळले नाही, कुठे कुरकुरले नाही. पूर्वीचे गंजलेले असते तर अर्ध्यात अडकले असते. त्या दोन क्षणांत त्यांना आठवले असते, की आज आपण कोणाची वाट बघतो आहोत. ज्या दिवशी अडकायला हवे होते, त्या दिवशी मी अडकले नाही.

होतचंदशेठनी कुलूप अडकवले आणि स्टुलावर बसून पेपर उघडला. गाडी माझ्याच समोर थांबली. हातात फाइल घेतलेली एक तरुण बाई उतरली. अनुया मॅडम त्यांचे नाव, ते नंतर कळले. त्यांनी माझ्यावरचे नाव वाचले, फाइलमध्ये बघितले आणि माझ्यावर दोनदा टकटक केली. "कोणी आहे का आत?"

आत सुनंदाताई दचकल्या. आजवरच्या पाहुण्यांत बाईचा आवाज कधी नव्हता. त्यांचा हात माझ्या कडीपर्यंत आला. पण राजाबाईंनी त्यांचे मनगट धरले आणि पुटपुटल्या, "गप ऱ्हा गो. जातील."

बाहेर होतचंदशेठ उठून पुढे आले. "किसको ढूँढते हो, मॅडम?"

"हा कारखाना चालू असतो ना?"

"अरे नहीं साईं! ये तो बंद है. छह महिने हो गये. कोई आता नहीं इधर."

"नक्की?"

"मी शेजारी आहे ना. खोटं कशाला बोलू?"

एवढे प्रेमाने बोललेले खोटे मी कधी ऐकले नव्हते. त्या सद्गृहस्थाला वाटत होते, की आपण शेजारधर्म पाळतो आहोत. अनुया मॅडमनी पुन्हा एकदा कुलपाकडे पाहिले. मग त्यांनी मोबाइल वर धरला आणि माझा फोटो काढला. माझ्या आयुष्यातला एकुलता एक फोटो. त्यात कुलूप स्पष्ट आले, 'सुनंदा नाडी उद्योग' हे नाव स्पष्ट आले, अगदी कोपऱ्यातला 'उद्योग'सुद्धा. मग त्यांनी फाइलमध्ये दोन शब्द लिहिले आणि गाडी गेली.

दहा मिनिटांनी मला उघडले. होतचंदशेठ हसतच आत डोकावले. "गेली! कसला तरी गाळ्याचा कागद घेऊन आली होती. मैंने बोला, छह महिने से बंद है."

सुनंदाताईंचा चेहरा मी विसरणार नाही. त्या अनवाणी पळत मोठ्या रस्त्यापर्यंत गेल्या. गाडी कधीच निघून गेली होती. त्या परत आल्या तेव्हा होतचंदशेठ माझ्याजवळच उभे होते. सगळे कळल्यावर त्यांनी कपाळावर हात मारला. "मला एक शब्द तरी सांगायचा होता, बहन! मी दारात रांगोळी काढली असती."

दुसऱ्या दिवशी सुनंदाताई कचेरीत जाऊन आल्या. काय झाले ते त्यांनी बायकांना सांगितले, तेच मी ऐकले. मॅडम चांगल्या होत्या. त्यांनी बसायला खुर्ची दिली, फोटो दाखवला. "ताई, हे कुलूप बघा. शेजाऱ्यांनीही सांगितलं. मी चालू आहे असं कसं लिहू?"

"मॅडम, कुलूप नुसतं अडकवलेलं होतं. आम्ही आत होतो."

"आत होतात? मग दार का नाही उघडलंत?"

हे सांगताना सुनंदाताई बायकांना म्हणाल्या, "त्या 'का'ला मी काय सांगू गं? तुम्हाला घाबरून आम्ही बारा वर्षं लपतोय, असं त्यांच्या तोंडावर सांगू?" आणि त्यांनी डोळ्यांना पदर लावला.

मॅडमनी पुन्हा तपासणीचा अर्ज घेतला. पण यादी त्याच आठवड्यात निघाली आणि त्यात सुनंदाताईंचे नाव नव्हते. दुसरी यादी निघेल तेव्हा बघू, असे उत्तर मिळाले. ती अजून निघालेली नाही. हुकुमातली तारीख मात्र वेळेवर आली. बाकीची गल्ली लपूनछपून चालूच राहिली, सुनंदाताईंनी मात्र कारखाना बंद केला.

यंत्रे भिवंडीचा एकजण घेऊन गेला. टेम्पोत चढवताना एक रीळ घरंगळत माझ्या पायाशी आले, ते राजाबाईंनी उचलून पिशवीत टाकले. आता त्या गावाकडून रोज निघून दोन घरची भांडी घासतात. गुडघे दुखतात, पण बसून खायची सवय नाही. इतर चौघी कुठे गेल्या, ते मला ठाऊक नाही. सुनंदाताई या बाजूला फारशा येत नाहीत. घरात जायचे झाले तर मागच्या दाराने जातात.

परवा इस्त्री पुन्हा आपटली. बाकीची सगळी शटरे पडली. होतचंदशेठ आपल्या शटरला हात लावून उभे राहिले. त्यांनी वळून माझ्याकडे पाहिले, बराच वेळ पाहिले. मला वाटले, आज हा माणूस उघडे ठेवील. मग त्यांनीही ओढून घेतले. मी त्यांना दोष देत नाही. भीती काही एका दिवसात आलेली नाही आणि एका दिवसात जाणारही नाही.

म्हणून तुम्हाला हात जोडून सांगते, मित्रांनो. मला ग्रीस लावा, रंग द्या, गंजू देऊ नका, पण मला खाली ओढण्याआधी एकदा बाहेर बघा, आणि कोण आले आहे, कशाला आले आहे, ते तोंडाने विचारा. जे लपवावे लागते ते आधी नीट करा. आणि साहेबलोकहो, तुम्हीही कुलूप पाहून माघारी फिरू नका. लोक तुम्हाला पाहून दारे का लावतात, हे तुमच्या फाइलमध्ये कुठे लिहिलेले नसते. एकदा पत्र्याला कान लावा.

माझा तो फोटो काढला तेव्हा माझ्या पाठीमागे सहा बायका श्वास रोखून उभ्या होत्या, आणि कागदावर लिहिले गेले, 'बंद आढळले'. ते खोटे होते. आता आत कोणी नाही. आज कोणी माझा फोटो काढला, तर तो अगदी खरा येईल.