हुप्प्या खाली, चिंगी वर

हुप्प्याचा पट्टा त्या सकाळी काही केल्या लागेना. झाडावर चढायचा जाडजूड पट्टा, पण शेवटचं भोकसुद्धा बकलापासून चांगलं चार बोटं लांब राहिलं. त्याने श्वास ओढून धरला, बायकोने गुडघा लावून पट्टा ताणला, तरी पोट कुणाचं ऐकतंय? आणि पट्टा लागत नाही तर चढायचं नाही, हा त्या नवराबायकोच्या धंद्यातला पहिला नियम. नियम हुप्प्यानेच केलेला, त्यामुळे बोलायची सोय नव्हती.

"मी चढते," चिंगी म्हणाली.

लग्न झाल्यापासून तो वर आणि ही खाली. तो माकडासारखा झाडं चढायचा, म्हणून सगळं गाव त्याला हुप्प्या म्हणे. तो फांदी कापायचा, ती दोर धरून फांदी अलगद उतरवायची आणि कौतुक व्हायचं हुप्प्याचं. वर बघून बघून बिचारीची मान कायमची अवघडलेली. शेंड्यावरून काय काय दिसतं ते नवऱ्याच्या तोंडून ऐकून तिचे कान किटले होते. आता तिला ते डोळ्यांनी बघायचं होतं. सुट्टीच्या दिवशी हट्ट करून ती त्याच्याकडून चढणं शिकलीही होती.

"चढ," हुप्प्या म्हणाला. "पण एक काच जरी तडकली, तर उद्या माझ्या चुलतभावाला बोलावतो. मग तू आपली कायमची खाली."

काच दवाखान्याची. आजचं काम दातांच्या डॉक्टरीणबाईंच्या घरी, तळमजल्यावर त्यांचा दवाखाना आणि त्याला भिंतभर काच. झाड घराला अगदी खेटलेलं, वय झालेलं, एका अंगाने पोखरलेलं, आणि त्याची सगळ्यात जाड फांदी नेमकी काचेच्या डोक्यावर. "किडली की काढावीच लागते," म्हणून बाई खुर्चीतल्या पेशंटकडे वळल्या. पेशंटने तोंड उघडंच ठेवलं. दुसरं करणार काय?

चिंगीने हातोडीने बुंधा वाजवत वाजवत पाहिला. जिथे बद्द वाजलं तिकडे फिरकायचं नाही, जिथे टणक वाजलं तिकडून चढायचं. दोन दोर; दुसरा पक्का अडकल्याशिवाय पहिल्याला हात लावायचा नाही. अशी ती वर गेली, आणि मग काय सांगावं! शेजारची सगळी गच्च्यांची गर्दी, त्यांवर वाळणारे कपडे, लांबवर चकाकणारं पाणी. हे सगळं हा माणूस इतकी वर्षं एकटा बघत होता, म्हणून तिला त्याचा रागही आला. पण हसूच जास्त येत होतं.

तिने टणक बेचक्यात कप्पी बांधली, तिच्यातून दोर ओवला, एक टोक जाड फांदीला बांधलं आणि दुसरं खाली सोडलं. खाली फाटकाचा दगडी खांब होता. त्या खांबाला दोराचे तीन वेढे घालायचे आणि हळूहळू सोडत जायचं, हे तिने नवऱ्याला सकाळीच सांगितलं होतं. त्याने मानही डोलावली होती. पण खालचं काम म्हणजे नुसता दोर धरणं, असं त्याचं पहिल्यापासूनचं मत. शिवाय जन्मभराची सवय अशी, की हातात दोर आला की तो आधी स्वतःच्या कमरेला. त्या सवयीनेच तर तो आजवर जगला होता. आताही हातांनी दोर खांबाऐवजी कमरेला बांधला आणि डोक्याला विचारलं नाही. चिंगीला मधल्या पाल्यातून यातलं काही दिसत नव्हतं.

"तयार?"

"तयार."

करवत चालली, फांदी सुटली आणि खाली निघाली. फांदी हुप्प्यापेक्षा जराशीच जड, म्हणून सावकाश. आणि तितक्याच सावकाश हुप्प्या वर निघाला. वाटेत दोघांची गाठ पडली, फांदीने त्याच्या कानाला पाला लावला आणि पुढे गेली. गर्वाचं घर खाली म्हणतात. ह्याचं वर गेलं. फांदी काचेपासून हातभरावर पायपुसण्यावर टेकली आणि हुप्प्या कप्पीखाली, बायकोच्या समोर येऊन थांबला.

"इथून बरं दिसतं, नाही?" तो म्हणाला.

चिंगी इतकी हसली की झाड हलायला लागलं. हुप्प्यालाही हसू येत होतं, पण दोर पोटात रुतला होता. तेवढ्यात गालात कापूस धरलेला पेशंट बाहेर आला आणि मदत म्हणून फांदीची गाठ सोडायला वाकला. चिंगीचं हसू जागच्या जागी विझलं. ती गाठ सुटली असती, तर हुप्प्या दगडासारखा खाली आला असता.

"हात लावू नका," ती म्हणाली. आवाज असा, की पेशंटने हातच काय, तोंडही मिटलं.

तिने आपला जादा दोर काढला, कडीने नवऱ्याच्या कमरेच्या दोराला अडकवला आणि बेचक्याच्या टणक फाट्याला तीन वेढे घातले. हेच तर ती खाली रोज करत आली होती. मग म्हणाली, "आता सोडा." गाठ करकचून आवळलेली, डॉक्टरीणबाईंनी दाढेचा चिमटा आणून ती सैल केली. चिंगी हुप्प्याला वीत वीत सोडू लागली, आणि तो काचेसमोर आल्यावर थांबली.

"चुलतभावाला बोलवायचंय?"

फांदीपाशी पेशंट, दारात डॉक्टरीणबाई, मध्ये लोंबकळता हुप्प्या. "नको," तो म्हणाला.

"नीट सांगा."

"नको म्हटलं ना, बाई. तूच चढ. उतरव आता."

तिने त्याला इतकं अलगद टेकवलं की त्याच्या चपलेचा आवाजसुद्धा झाला नाही. तो उभा राहिला, कमरेचे दोर सोडले आणि पायपुसण्यावरच्या फांदीकडे बघत राहिला. आजवर त्याने कापलेली एकही फांदी कधी आपटली नव्हती, ते आता त्याला एकेक आठवत असावं.

मग दोर घेऊन तो खांबापाशी गेला, अवघडल्यासारखी मान वर केली आणि विचारलं, "अगं, पहिला वेढा डावीकडून की उजवीकडून?"