बसवरची थाप

“जरा माझ्यासाठी विमान थांबवता का?”

हा प्रश्न विमानतळावर गणवेशातल्या कुणाला तरी विचारायचा, आणि तोही अजिबात न हसता, अशी पैज मिरची आणि प्रोफेसरने माझ्याशी लावली होती. या माझ्या वर्गातल्या जिवलग मैत्रिणी. पूर्वी मी वर्गात हजेरीसुद्धा पुटपुटत द्यायचे. पण यंदा वक्तृत्व स्पर्धेत भर सभागृहात बोलून आले, आणि तेव्हापासून मला कशाचीच भीती वाटेनाशी झाली आहे. म्हटलं, एवढंच ना? विचारते की!

तो प्रश्न मला खराखुरा विचारावा लागेल, हे मात्र तिघींपैकी एकीच्याही डोक्यात आलं नव्हतं.

त्याचं असं झालं. आजोबांच्या मोठ्या बहिणीचं, म्हणजे माझ्या आत्याआजीचं, हृदयाचं ऑपरेशन ठरलं होतं. डॉक्टर म्हणाले, आता थांबण्यात अर्थ नाही. आणि आत्याआजीने त्यांनाच ठणकावलं, “बाळ आल्याशिवाय मी आत जाणार नाही!” बाळ म्हणजे आमचे आजोबा. तोंडात कवळी आहे, तरी बाळ. आता तिला कोण समजावणार? ती एकदा नाही म्हणाली की नाहीच.

आई-बाबांना लगेच रजा मिळेना. मी म्हटलं, “मी नेते आजोबांना.”

“तू?” बाबा म्हणाले. “तुला रोज सकाळी स्वतःचा दुसरा मोजा सापडत नाही.”

पण दुसरा इलाजच नव्हता. शेवटी बाबा तयार झाले, ते अट घालूनच: जाताना तू ने, परत आणायला मी येणार.

वाटेत विमान बदलायचं होतं. पहिलंच विमान उशिरा उतरलं, आणि दुसऱ्यासाठी हातात वेळ उरला अगदी जेमतेम. हे चुकलं तर पुढचं थेट दुसऱ्या दिवशी दुपारी, आणि ऑपरेशन होतं सकाळी. मी पाट्या वाचत सुसाट, आजोबा गुडघे सांभाळत मागे. आमच्या गेटचा बाण दाखवत होता खाली. उतरलो. खाली बुटकं छत, चार खुर्च्या, एक काचेचा दरवाजा, आणि दरवाजाबाहेर नुसतं डांबर. विमानाचा पत्ताच नाही!

“आजोबा, चुकलो आपण,” मी छातीठोकपणे सांगितलं. “विमान नाही ते गेट कसलं? वर आपल्याच कंपनीचं उभं आहे, मी बघितलंय शेपटीवरून.”

“तू म्हणशील तसं, तुफान,” आजोबा म्हणाले, आणि बिचारे पुन्हा वर चढले.

वरच्या रांगेतल्या एका बाईंनी माझं तिकीट बघून कपाळावर हात मारला. “अगं, हे विमान दुसरीकडे चाललंय! तुमचं गेट खालचं, बसचं. तिथून बसने नेतात लांब उभ्या असलेल्या विमानापर्यंत. पळ!”

सगळा आत्मविश्वास कुठल्या कुठे. आजोबा खांबाला टेकून धापा टाकत होते. म्हणाले, “तू हो पुढे. मी येतोच.”

मी एकेका उडीत दोन-दोन पायऱ्या उतरले. खालच्या खुर्च्या रिकाम्या. दरवाजाबाहेर बस, माणसांनी खच्चून भरलेली, इंजिन सुरू. आणि बसला लागून चमचमत्या जॅकेटातली एक ताई, हात उचललेला. माझ्या तोंडून घोकून ठेवलेलंच वाक्य बाहेर पडलं,

“ताई, जरा माझ्यासाठी विमान थांबवता का?”

हसू येणं तर सोडाच, मला रडू फुटायच्या बेतात होतं.

“विमान थांबवणारी मी कोण?” ती म्हणाली. “तुमचीच दोन नावं राहिली आहेत. दुसरं माणूस कुठाय?”

“आजोबा. जिन्यात. त्यांचे गुडघे... उद्या त्यांच्या बहिणीचं ऑपरेशन आहे, ते नाही पोचले तर ती आतच जाणार नाही.”

तिने एकदा बसकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. मग उचललेला हात जॅकेटच्या खिशात घातला.

“मी पत्र्यावर थाप मारल्याशिवाय बस हलत नाही. हात खिशात आहे तोवर घेऊन ये. जा!”

आजोबा अर्ध्या जिन्यात होते, कठडा धरून, आडवे पाय टाकत. मी त्यांची पिशवी खांद्याला अडकवली आणि दुसरा खांदा त्यांना दिला.

“हळू गं बाई,” ते म्हणाले. “मी पडलो तर अक्का माझ्याऐवजी तुला रागावेल.”

दरवाजाशी पोचलो तर बसमधून एक टायवाले काका ओरडत होते, “अहो, निघायचं का इथेच बिऱ्हाड मांडायचं?”

“थाप नाही पडली, साहेब,” ड्रायव्हर शांतपणे म्हणाला.

ताईचा हात अजून खिशातच.

आजोबा चढले आणि त्यांनी सगळ्या बसला हात जोडले. “मंडळी, माझ्या गुडघ्यांपायी तुमचा खोळंबा झाला. बहीण वाट बघतेय हो, दवाखान्यात.” आणि काय सांगू, तेच टायवाले काका उठले, आजोबांचा दंड धरून त्यांना आपल्या जागेवर बसवलं आणि म्हणाले, “पोचाल बाबा.” मी ताईकडे वळेपर्यंत दार मिटलं. धप, धप! बस हलली. काचेतून बघितलं तर ती पाठमोरी, दरवाजा लावून घेत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्याआजीने आजोबांना बघून पहिला प्रश्न विचारला, “काही खाल्लंस का?” मग नर्सकडे वळून म्हणाली, “चला, आता न्या मला कुठे न्यायचं ते.” दुपारी डॉक्टर बाहेर आले ते हसतच. आजोबांनी चष्मा काढून किती तरी वेळ पुसला. मी तिथल्या तिथे मनात त्या ताईला, टायवाल्या काकांना, कपाळावर हात मारणाऱ्या बाईंना, सगळ्यांना मिठ्या मारल्या. खऱ्या मारता आल्या असत्या तर मारल्याच असत्या.

मिरचीचा मेसेज आला होता: “विचारलंस? हसलीस ना?” मी लिहिलं, “विचारलं. नाही हसले. घरी आल्यावर सांगते.”

मग घरी फोन लावला. ऑपरेशनची बातमी आजोबांनी आधीच दिली होती, त्यामुळे बाबा लगेच म्हणाले, “बरं, मी शनिवारचं तिकीट काढतोय, तुम्हाला आणायला.”

“बाबा, थांबा. आईलाही ऐकू दे. मी एक ठरवलंय.” मग मी त्यांना चुकीच्या गेटसकट सगळं सांगून टाकलं. “तर, तुम्ही यायचं नाही. आजोबांना मीच परत आणणार. फक्त या वेळी मध्ये भरपूर वेळ असलेलं तिकीट काढा. आजोबांचे गुडघे आहेतच, आणि मला त्या बसच्या गेटवर जाऊन एका ताईला थँक्यू म्हणायचंय.”