देणं लागणारं मशीन

आमच्या क्लबात पोकीच्या, म्हणजे पैसे घालून बटण दाबायच्या जुगाराच्या मशीनसमोरची खुर्ची तिरकी करून मशीनला टेकवून ठेवली, की त्याचा अर्थ सगळ्यांना कळतो. माणूस सिगरेट ओढायला नाहीतर बाथरूमला गेलाय आणि परत येणार आहे. तोवर त्या मशीनला कुणी हात लावत नाही. या गावात लोक एकमेकांच्या बायकांच्या बाबतीतही इतकं पाळत नाहीत.

मी ग्वेन. क्लबाच्या बारवर काम करते. नोएलीन माझी भावजय, माझ्या भावाची, क्लाइव्हची बायको. गेल्या उन्हाळ्यात क्लाइव्हची फुप्फुसं पार गेली आणि तो हॉस्पिटलात शेवटचे दिवस मोजत पडला. त्याला एकच हवं होतं. आपली जुनी कॅरॅव्हॅन, ते चाकांवरचं पत्र्याचं घर, गाडीला जोडायची आणि बायकोला घेऊन एकदा समुद्रावर जायचं. नोएलीन रोज सांगायची, कॅरॅव्हॅन गॅरेजात आहे. कसली गॅरेजात? ती तिने केव्हाच विकली होती, पैसे पोकीने खाल्ले होते, आणि आता उरलंसुरलं घालून ती गेलेलं परत मिळवायला बसली होती. मला हे कळल्यापासून मी तिच्याशी बोलणं टाकलं होतं. कॉफी तेवढी नेऊन ठेवायची, तीही आदळून.

त्या दुपारी बारच्या फोनवर नर्स बोलली. म्हणाली, भेटायचं असेल तर आत्ताच या. मी नोएलीनच्या मागे जाऊन उभी राहिले.

"ऊठ. हॉस्पिटलातून फोन होता."

"पाच मिनिटं, ग्वेन. भरत आलंय हे."

"काय भरत आलंय?"

"सकाळपासून नुसतं खातंय. शंभरातले पंच्याऐंशी तरी परत द्यायचा कायदा आहे ना? मग माझे कुठायत? देणं लागतं ते माझं. आत्ता उठले तर ते गिधाड बसेल इथे."

गिधाड म्हणजे मर्व्हिन. बिअरचा ग्लास घेऊन तो मागेच घुटमळत होता.

"मला ऐकू येतं हो," तो म्हणाला.

"ऐकू यावं म्हणूनच बोलले."

"नोएलीन, तुझा नवरा मरतोय," मी म्हटलं. सगळ्यांसमोर म्हटलं, मुद्दाम.

तिने बटणावरचा हात काढला नाही. "म्हणून तर. रिकाम्या हाताने कशी जाऊ त्याच्यासमोर?"

मी एप्रन काउंटरवर फेकला आणि एकटीच निघाले.

क्लाइव्ह जागा होता. नाकावरचा मास्क बाजूला करून त्याने माझ्या मागे दाराकडे पाहिलं. "नोएलीन?"

"वाटेत आहे."

"कॅरॅव्हॅन आणतेय?"

"हो रे बाबा, आणतेय."

"सावलीत लाव म्हणावं. पत्रा तापतो." एवढं बोलून तो दमला. थोड्या वेळाने पुन्हा त्याने दाराकडे पाहिलं, आणि मी पुन्हा तेच सांगितलं. संध्याकाळचा चहा फिरायच्या आत तो गेला.

नोएलीन त्यानंतर आली, पर्स काखेत दाबून, धापा टाकत. मी तिला जवळ घेतलं नाही. अजिबात इच्छा झाली नाही.

तिकडे क्लबात तिने निघताना खुर्ची टेकवून ठेवली होती. मर्व्हिनने बराच वेळ वाट बघितली, मग खुर्ची सरळ केली आणि बसला. बटण दाबलं न दाबलं, तोच सगळ्यात मोठं बक्षीस लागलं. अंत्यविधीच्या आधी ते गावभर झालं होतं. मर्व्हिनने भलंमोठं पुष्पचक्र पाठवलं. ते मी मागच्या रांगेत ठेवायला लावलं.

महिन्याभराने एका सकाळी मी अंगणात कपडे वाळत घालत होते, तेव्हा ती आली. गालफडं बसली होती. तिने बादलीतला टॉवेल उचलून पिळायला घेतला.

"तुमच्या क्लबातला तो स्टाव्रोस मशीनं उघडून दुरुस्त करतो ना? त्याला विचारून सांगशील?"

"काय?"

"मी आणखी थोडी बसले असते, तर ते बक्षीस मला लागलं असतं का? झोप नाही गं मला. नवरा गेला तो गेला. पण त्याची कॅरॅव्हॅन परत आणायचे पैसेसुद्धा थोडक्यात हातचे गेले."

मला तिची पहिल्यांदा दया आली. एवढं एक ओझं तरी आपल्याला उतरवता येईल, असं वाटलं. स्टाव्रोसने मला हे सगळं कधीच सांगितलं होतं.

"नसतं लागलं," मी म्हटलं. "मशीनच्या आत आकडे सारखे बदलत असतात, कुणी खेळत नसलं तरी. तू बटण दाबतेस त्या क्षणी जो आकडा असेल तो तुझा. चित्रं फिरतात ती नुसती करमणूक, निकाल आधीच लागलेला असतो. मर्व्हिनच्या जागी तू असतीस तर डोळ्याची पापणी लवेपर्यंतचा तरी फरक पडला असता, आणि दुसराच आकडा आला असता."

"पण सकाळपासून मी घातलेले?"

"ते मशीनच्या लक्षात नसतात. पंच्याऐंशी म्हणजे लाखो वेळा बटण दाबल्यावरचा हिशोब. एक मर्व्हिन सगळं नेतो, बाकीचे तुझ्यासारखे. ते कुणाचं देणं लागत नाही. तू काही गमावलं नाहीस, नोएलीन."

ती टॉवेल तसाच धरून उभी राहिली.

"म्हणजे फोन आला तेव्हाच उठले असते, तरी काही गेलं नसतं."

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मी आपली समजावण्यात रंगले होते. जीभ चावावीशी वाटली.

"स्टाव्रोसला तरी काय मोठं कळतंय," मी म्हटलं. "बोलतो आपला."

"नाही. नीट सांगितलंस तू." टॉवेलचं पाणी तिच्या बुटांवर गळत होतं. "मी जागा धरून बसले होते गं. तिथे काही नव्हतंच."

मी तो टॉवेल तिच्या हातून काढून घेतला.

"क्लाइव्हने शेवटी माझ्याबद्दल विचारलं?"

महिनाभर मी या प्रश्नाची वाट बघत होते. काय काय सुनवायचं, सगळं तयार होतं. त्यातलं एकही वाक्य मला सापडेना.

"विचारलं."

"तू काय सांगितलंस?"

"वाटेत आहे म्हटलं."

"मी वाटेत नव्हते, ग्वेन."

"त्याला कुठे माहीत होतं," मी म्हटलं, आणि भाऊ गेल्यापासून पहिल्यांदा मला रडू फुटलं.