तीन बोटं वरचं फूटरेस्ट

जावयाने मोटरसायकल वर्कशॉपच्या दारात उभी केली आणि मागून लेक उतरली. नेहमीसारखी उजव्या बाजूने, आधी उजवा पाय, मग डावा, मग पाठटेकूला धरून क्षणभर स्थिर. वेल्डरने ग्राइंडर बंद केला. हे उतरणं त्याने शंभरदा पाहिलं होतं, तरी जीव टांगणीला लागायचाच.

तिचा डावा पाय जन्मापासून तीन बोटं आखूड. तीन वर्षांपूर्वी लग्न ठरलं, तेव्हा बापाने आधी काय केलं असेल, तर या गाडीचं डावं फूटरेस्ट तीन बोटं वर चढवून वेल्ड केलं आणि सीटमागे टेकायला पाठटेकू बसवला. ती चालायला लागली की लोक वळून बघत. गाडीवर बसली की मात्र चारचौघींसारखी दिसे.

"मामा, मागचं सगळं साफ करायचंय," जावयाने मोबाइलमधला फोटो पुढे धरला. "पाठटेकू, मडगार्ड, मागची सीट, फूटरेस्टं, सगळं उडवा. एकट्याची सीट ठेवा. मागून कशी सुटसुटीत दिसली पाहिजे."

"आणि ठकू कुठं बसणार?"

"तिला कुठं जायचंय?" तो हसला. "घरात चालते तेवढं पुरे आहे. हिच्या टाचेची टकटक ऐकून खालच्या मजल्यावरचे विचारतात, घोडा पाळलाय का म्हणून!"

ठकूही हसली. उशिरा पोचलेल्या माणसासारखं, घाईघाईत. पाठटेकूला बांधलेली पिशवी सोडून तिने टेबलाखाली सरकवली. बाजाराचं सामान असेल, बापाला वाटलं.

नाही म्हणावं, तर हा दुसरीकडून करून घेणार आणि राग पोरीवर काढणार. त्यापेक्षा असं काम करून द्यावं की गडी खूश झाला पाहिजे. खूश झाला तर हिच्याशी दोन शब्द बरे बोलेल. वेल्डरने खडूने खुणा केल्या आणि ग्राइंडर लावला. मडगार्ड निघालं, पाठटेकू निघाला. डाव्या फूटरेस्टला मात्र वेळ लागला. तो सांधा कधी सुटावा म्हणून मारलेलाच नव्हता.

चेसीची मागची टोकं कापून त्याने पाइप अर्धगोल वाकवला, जोडला, हाताला सांधा लागेनासा होईस्तोवर घासला, वर एकट्याची सीट बसवली. फक्त एक लबाडी केली. खालच्या अंगाला, डोळ्यांना दिसणार नाहीत असे तीन नट वेल्ड करून ठेवले. दोन पाठटेकूसाठी, एक डाव्या फूटरेस्टसाठी.

जावयाने खालून बोट फिरवलं. "हे काय?"

"असू द्या. पुढंमागं कधी लागलं, तर सगळं परत बसवता येईल."

"कुणासाठी?"

वेल्डरने लेकीकडे पाहिलं.

"घासून टाका, बाबा," ती म्हणाली. "बोटाला लागतंय त्यांच्या."

त्याने घासले. तिन्ही. वर काळा रंग मारला. रंग वाळल्यावर जावयाने गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या, खाली बसून फोटो काढले.

"काय हात आहे, मामा! मानलं तुम्हाला. ए, बाजूला हो गं, फोटोत येतेयस."

ती भिंतीला चिकटली. त्याने गाडी सुरू केली.

"अहो, जावईबापू! आणि ही?"

"हिला कशावर बसवू?" त्याने नव्या सीटवर थाप मारली. "तुम्हीच तर कापलंत."

गाडी वळणावर दिसेनाशी झाली. मागून खरंच सुरेख दिसत होती, एक रेघ इकडची तिकडे नाही.

वेल्डरने टेबलाखालची पिशवी ओढली. बाजाराचं सामान नव्हतं. आत तिचे सगळे कपडे होते. तळाशी बुटांचे चार जोड, प्रत्येकातला डावा जाड टाचेचा.

"तुला ठाऊक होतं?"

"सकाळी त्यांनीच भरायला लावली."

"मग बोलली का नाहीस गं? मी कापलंच नसतं!"

ठकूने खाली पडलेलं फूटरेस्ट उचललं, लहानपणी फ्रॉकला पुसायची तसं ओढणीला पुसलं.

"इतकं मन लावून करत होतात, बाबा. मला वाटलं, तुमचं-त्यांचं आधीच ठरलंय."