अक्कांच्या पिशवीतला फोन

मी बोलतोय. पण थांबा, आधी तुम्ही कोण ते सांगा! राग मानू नका, सवयच लागलीय तशी.

मी बटणांचा साधा फोन, धुळ्याच्या एका रक्त तपासणीच्या लॅबमधला. रुग्णांचे रिपोर्ट कॉम्प्युटरवर उघडायचे, तर लागणारा सहा आकडी ओटीपी माझ्यावर येतो. म्हणून मला टेबलाच्या पायाला सुतळीने बांधलं होतं. माणसांची अक्कल बघा, मला बांधलं आणि पासवर्ड मात्र भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहिला! येणारा-जाणारा वाचायचा.

कोरोनात लॅबचं लिखापढीचं काम घरून सुरू झालं. सुतळी कापली आणि मी प्रमिला अक्कांच्या पिशवीतून त्यांच्या घरी, नरडाण्याला गेलो. अक्का लॅबमधल्या सगळ्यात जुन्या कारकून. सकाळपासून एकेकाचा फोन, "अक्का, ओटीपी सांगा." अक्का सांगायच्या, वर "जेवलास का?" विचारायच्या. मला ते मुळीच पटत नव्हतं. पण माझं ऐकतं कोण?

एका दुपारी बसलेल्या घशाचा आवाज आला. "अक्का, नवीन बोलतोय, पाचोऱ्याहून. माझा फोन बंद पडलाय, हा शेजाऱ्यांचा."

नवीन नावाचा मुलगा पाचोऱ्याहून आमचे रिपोर्ट टाईप करायचा. नंबर अनोळखी होता, मी तो अक्कांच्या डोळ्यांसमोरच धरला होता. पण त्या वर्षी बसलेल्या घशाचा संशय कोणाला यायचा? काळजीच वाटायची. "अरे बापरे! टेस्ट केलीस का? हळदीचं दूध घे," म्हणाल्या आणि आकडे देऊन मोकळ्या झाल्या. तो नवीन नव्हताच; पासवर्ड त्याने कधीतरी कॅलेंडरवर वाचला असणार.

दुसऱ्या दिवशी रुग्णांची यादी गावोगावच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर फिरली. नाव, गाव, आजार, सगळं. तिसऱ्या आठवड्यात झुंबरबाई अक्कांच्या अंगणात येऊन उभी राहिली. ती गावात भाजी विकते, तेव्हा नुकतीच कोरोनातून बरी झाली होती, आणि यादीत नाव आल्यापासून तिची भाजी कोणी घेत नव्हतं.

"अक्का, मनं नाव कोनी दिधं वं? मनी भाजी कोनी लेत नही आते."

अक्कांनी मला पदराखाली लपवलं. मग हळूच म्हणाल्या, "माझ्याच हातून गेलं, बाई." आणि रडल्या. मला त्यांचा फार राग आला होता, तो तिथेच विरला. लॅबच्या डॉक्टरांनी बजावलं, पुन्हा असं झालं तर नोकरी नाही.

साथ ओसरली. कॅलेंडर उतरलं, प्रत्येकाला वेगळा पासवर्ड मिळाला. ओटीपी मागणाऱ्याचा फोन आधी ठेवायचा आणि वहीत लिहिलेल्या त्याच्या नंबरवर आपणच लावायचा, असा नियम झाला. मला विचाराल तर उशीरच झाला.

गेल्या महिन्यात पाचोऱ्याच्या एका दवाखान्यातून फोन आला; आमच्या लॅबचं काम आता नवीन तिथे बसून बघतो. "अक्का, नवीन बोलतोय. लवकर सांगा, पेशंट समोर बसलाय." अक्कांनी फोन ठेवला. वही काढली, नंबर लावला. नवीननेच उचलला, चिडलेला.

"मीच होतो ना! अक्का, माझा आवाज ओळखला नाही?"

"ओळखला रे. त्या दिवशी बी ओळखलाच होता."

मग अक्कांनी ओटीपी सांगितला.

आता मी जुना झालोय, माझं पाचाचं बटण दाबलं जात नाही. अक्का अजून झुंबरबाईकडूनच भाजी घेतात. ती तोलून देते, पण बोलत नाही.

चला, फोन ठेवा आता. खरे असाल तर रागावणार नाही. तुमचा नंबर वहीत असेल, तर अक्काच परत लावतील.