वांगी रंगाचा डोळा

वेदिकाने पैठणी काउंटरवर उलगडायला घेतली, तसे हर्षलने चहाचे दोन्ही कप उचलून पार मागच्या कपाटावर नेऊन ठेवले. एमजी रोडवरच्या त्याच्या कॅमेऱ्यांच्या दुकानात मॅक्रो लेन्स तपासायला लोक काय काय घेऊन येत. कुणी अंगठी, कुणी मनगटी घड्याळ. द्राक्षबागायतदार तर पानावरची कीडच डबीत भरून आणत. पैठणी मात्र पहिलीच होती.

"मॅडम, साधी चिंधी चालली असती," तो म्हणाला. "धागा तो धागा."

"हा धागा वेगळा आहे," वेदिका म्हणाली, आणि आपल्याच आवाजातल्या तोऱ्याचं तिला हसू आलं.

लेन्स हवी होती ती भावाच्या दुकानासाठी. रविराजदादाचं गंगापूर रोडवर पैठण्यांचं दुकान होतं आणि तिथले फोटो, वेबसाइट, त्यावरचा मजकूर सगळं वेदिका सांभाळत होती. हल्ली गिऱ्हाइकं लांबूनच साड्या मागवत आणि धागा जवळून दाखवा म्हणत. त्यांचंही बरोबर होतं. हातमागाच्या नावावर काय काय खपतं हे येवल्यात वाढलेल्या पोरीला कुणी सांगायला नको. "तुला आवडेल ती घे, माझ्याकडून," असं दादा येतानाच म्हणाला होता. तिला दारात उतरवून तो गाडी लावायला जागा शोधत होता.

हर्षलने दोन लेन्स पुढे ठेवल्या.

"ही साठ एमएमची. छोटी, हलकी. पण वस्तूच्या अगदी नाकाशी जावं लागतं. आणि ही शंभरची. वजनदार आहे, पण जरा लांबूनही तेवढंच मोठं दिसतं. तुम्ही साडी टेबलावर पसरूनच फोटो काढणार ना? मग साठची भरपूर झाली. शंभरची लोक फुलपाखरांसाठी घेतात, जवळ गेलं की उडतं म्हणून."

"आमचे पोपट उडत नाहीत," वेदिका म्हणाली. साठची तिला हातात घेताच आवडली होती.

दुकानातून दुसरी एखादी साडी आणता आली असती. पण तिला आपल्या लग्नातलीच आणायची होती, कारण तिला त्या पदरावरचा एक डोळा बघायचा होता.

लग्नाआधीच्या वर्षी येवल्याच्या घरात शेजारी शेजारी दोन माग चालू होते. एकावर अप्पा तिच्यासाठी विणत होते, दुसऱ्यावर दादा विणकरांच्या स्पर्धेसाठी. रेशीम एकाच लॉटचं, रंग एकच, वांगी. काठ आणि पोपट हिरवे, नक्षीही तीच. वेदिका रंगीत रेशमाच्या छोट्या कांड्या भरून द्यायची. एका संध्याकाळी अप्पा चहाला उठले आणि ती हळूच त्यांच्या मागावर जाऊन बसली. पदराच्या ओळीतला शेवटचा पोपट अर्धा झाला होता. डोळा तेवढा तिने विणला. अंधारून आलं होतं, काळी कांडी समजून तिने वांगी उचलली. अप्पा परत आले, त्यांनी कपड्यावर नाक टेकवून पाहिलं आणि हसले.

"राहू दे," ते म्हणाले होते. "काळ्यात आन् वांगीत फरक कोणाला दिसतोय? तुला ठावं, मला ठावं. तुझी सही समज."

खरोखरच दिसत नसे. बारा वर्षांत तिने कितीदा तरी कपाट उघडून तो पोपट डोळ्यांशी धरला होता. मोहरीपेक्षा बारीक ठिपका, काळा म्हटलं तर काळा, वांगी म्हटलं तर वांगी. दिसला नाही तरी काही बिघडत नव्हतं. अप्पा जाऊन दोन वर्षं झाली होती. माग विकला गेला, येवल्याच्या घरात भाडेकरू आले. अप्पांच्या हातचं म्हणून तिच्याकडे होतं ते एवढंच, आणि त्यात कुठेतरी तीही होती.

हर्षलने कॅमेरा भिंतीवरच्या मोठ्या पडद्याला जोडला, दिवा जवळ ओढला. तिने लेन्स पदराच्या टोकाशी नेली. पडद्यावर आधी नुसतं हिरवं धुकं आलं, मग त्यातून चोच निघाली, मग डोळा. धागा न् धागा दोरखंडाएवढा दिसत होता.

डोळा काळा होता.

"वा!" हर्षल म्हणाला. "काय शार्प आलंय बघा."

वेदिकाने दिवा अलीकडे घेतला. काळाच. आपण टोक चुकलो असं म्हणून तिने पदर फिरवला आणि दुसऱ्या टोकाचा पोपट पाहिला. मग मधले सगळे, एकेक करून. त्यांच्या पाठीमागच्या जमिनीचा वांगी रंग पडद्यावर चांगला जांभळा झळाळत होता. त्याच्याशेजारी प्रत्येक डोळा कोळशासारखा काळा. चुकायला जागाच नव्हती.

आणखी एक गोष्ट दिसली. ती दिसली नसती तर बरं झालं असतं. वीण एकसारखी नव्हती. कुठे घट्ट, कुठे सैल, विणणाऱ्याला उठायची घाई असावी तशी. अप्पांचा हात असा नव्हता. हा हात तिला ओळखीचा होता. शेजारच्या मागावर बसून तासातासाला "झालं का गं जेवण?" म्हणून विचारणारा.

स्पर्धेत दादाच्या पैठणीला पहिलं बक्षीस मिळालं, तेव्हा सगळ्या गल्लीला नवल वाटलं होतं. परीक्षकांनी हाताच्या एकसारख्या दाबाचं कौतुक केलं म्हणे. पोराचा हात बसला, लोक म्हणाले. तो असा काही बसला की दादा पुन्हा कधी मागावर बसलाच नाही! बक्षिसाच्या जोरावर त्याने नाशिकला दुकान टाकलं. ती पैठणी दुकानात शिरल्या शिरल्या काचेच्या कपाटात लावलेली आहे. कपाटाला कुलूप असतं. खाली पाटी आहे, "पुरस्कारप्राप्त विणकर रविराज यांच्या हातची." पाटीवरचा मजकूर वेदिकानेच लिहिला होता.

"मॅडम, बसता का?" हर्षलने स्टूल पुढे केलं.

ती बसली नाही. दादाचा राग यायला हवा होता आणि तो आलाही, पण त्याच्याआधी अप्पा आले. दादाचं काय, तो लहानपणापासून तिच्या ताटातला लाडू उचलत आला होता. पण अप्पा? पाठवणीच्या वेळी घडी त्यांनी स्वतः तिच्या हातावर ठेवली होती. वर म्हणाले होते, "माहेरची पैठणी लेकीनं उलटून बघू नये. उलटून बघतं ते गिऱ्हाईक." त्यांच्या घरची रीतच होती ती. पैठणी दोन्ही बाजूंनी सारखी, म्हणून बाहेरचा माणूस ती आधी पालथी करतो; घरच्याने तसं करणं म्हणजे विणणाऱ्यावर अविश्वास. बारा वर्षं तिने ती रीत इमानेइतबारे पाळली. आता तिला आठवलं, ते बोलताना अप्पा तिच्याकडे बघत नव्हते.

दार ढकलून रविराज आत आला. हातात गाडीची किल्ली, कपाळावर घाम.

"जागा म्हणून मिळत नाही या रस्त्यावर," तो म्हणाला. "झाली का पसंत? अगं, ही कशाला आणलीस? दुकानातली नसती का दिली?"

"दादा, पडद्यावर बघ. पोपटाचा डोळा कोणत्या रंगाचा आहे?"

"काळा. काळाच असतो."

"अप्पांनी विणलेल्यात एक वांगी आहे. तो मी विणला होता."

रविराज पडद्याकडे बघत राहिला. किल्ली त्याने खिशात टाकली, पुन्हा बाहेर काढली.

"हे मला कधी बोलले नाहीत अप्पा," तो म्हणाला.

म्हणजे बाकीचं बोलले होते. वेदिकाला तेवढं पुरलं. त्याने हसून उडवून लावलं असतं, काहीतरीच काय म्हणून अंगावर आला असता, तर तिने कदाचित विश्वास ठेवलाही असता. तिची तयारी होती.

"घडी कोणी बदलली?"

हर्षल उगाचच मागच्या कपाटातले खोके सारखे करू लागला.

"अप्पांनीच," रविराज हळू आवाजात म्हणाला. "मी मागितली नव्हती, तुझी शपथ. म्हणाले, पोराचं नाव झालं तर घर वर येईल. ती काय, तिच्या घरी जाणार." मग त्यालाच ते ऐकवेना, म्हणून त्याने घाईने पुढे जोडलं, "आणि बघ ना, तुझ्याकडे कपाटातच पडून राहिली असती गं. तिथं चार लोक बघतात तरी. ही पण हातमागाचीच आहे, मी विणलेली. खोटी थोडीच आहे?"

"नाही, खोटी नाही," वेदिका म्हणाली.

ती पदर गोळा करू लागली. सहा वार साडीची घडी एकट्याला जमत नाही. रविराजने सवयीने दुसरं टोक उचललं आणि मागे सरकत दुकानाच्या दारापर्यंत गेला. अशा शेकडो घड्या दोघांनी मिळून घातल्या होत्या, येवल्याच्या ओट्यावर, अप्पांची बोलणी खात. पैठणी दोघांच्या मध्ये ताठ झाली. नेहमीप्रमाणे त्याने टोकाला टोक जुळवायला पाऊल पुढे टाकलं, पण वेदिका जागची हलली नाही. तिने आपल्या हातातला काठ वळवला आणि पैठणी पालथी केली. खाली वाकून, सावकाश, एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंत ती तपासत गेली.

"अगं, माहेरची..." रविराज बोलून गेला आणि थांबला.

तिचं बघून झालं. मग तिने टोकाला टोक जुळू दिलं आणि घडी घातली, नीट, चारी कोपरे जुळवून, आणि मलमलीच्या फडक्यात गुंडाळली. राग पैठणीवर काढण्यात अर्थ नव्हता.

"मग साठची पॅक करू ना मॅडम?" हर्षलने विचारलं. त्याला ही दोघं लवकर गेलेली हवी होती.

"एक सांगा. वस्तू काचेच्या कपाटात असेल, काचेपासून सहा-सात बोटं आत, तर साठचीने जमेल?"

"नाही जमणार. काच आडवी येईल, तेवढं जवळ जाताच येणार नाही. त्याला शंभरची लागेल."

"काचेच्या बाहेरूनही एकेक धागा दिसेल? रंगासकट?"

"हो, दिसेल की. काच तेवढी पुसून घ्या."

रविराजने काउंटरवर हात टेकले. एवढा मोठा माणूस, पण त्याचा आवाज बारीक आला.

"वेदू, काचेतून कशाला? चावी माझ्याकडेच असते. मी उघडून देतो ना. तू म्हणशील तर... घरी ने."

"नको," ती म्हणाली. "कुलूप असू दे. पुरस्कार तुझा आहे, आम्ही बाहेरूनच बघतो. शेवटच्या पोपटाचा मोठा फोटो टाकू वेबसाइटवर. खाली मजकूर मी लिहीन."

रविराजने पाकीट काढलं. वेदिकाने ते हातानेच बाजूला केलं, साठची लेन्स हर्षलकडे सरकवली आणि दुसरी उचलली. हलकी नव्हतीच ती.

"शंभरची द्या," ती म्हणाली.