दोन वाजताची नोंद

घडीच्या जागी कागद आता मऊ पडला होता, चष्मा पुसायच्या फडक्यासारखा… बारा दिवसांत तो किती वेळा उघडला आणि मिटला, हे बद्रीनाथांनी मोजलं नव्हतं. वहीतून फाडलेला आखीव कागद, डाव्या कडेला फाटल्याचे दाते, निळ्या बॉलपेनचं गोल अक्षर, आणि वर ‘ती. मामांस’. एकाच घरात राहणाऱ्या सुनेनं सासऱ्याला पत्र लिहायचं, ते त्यांच्या चालू पुस्तकात खुणेच्या पानाशी ठेवायचं, आणि मग रोज सकाळी त्यांच्यापुढं चहा ठेवताना त्याबद्दल चकार शब्द काढायचा नाही. सासऱ्यानं बशीत चहा ओतायचा आणि बशीतच बघत राहायचं. असे बारा दिवस.

तिचं चुकलं असं त्यांना म्हणता येत नव्हतं. लग्न होऊन आल्यापासून तनुजा बघत होती, मामांना काही विचारलं की मामा आधी चष्मा पुसतात, मग खाकरतात, मग ‘बघू’ म्हणतात. लिहिलेलं मात्र वाचतात. म्हणून तिनं लिहिलं.

‘मामा, पोस्ट बेसिक नर्सिंगच्या पदवीला इथल्या कॉलेजच्या यादीत माझं नाव लागलं आहे. दोन वर्षं, रोज आठ ते चार. दवाखान्यातली नोकरी सोडावी लागेल. प्रवेशाची मुदत चोवीस तारीख, शुक्रवार. दुसरं कॉलेज परराज्यातलं आहे. तिथं जायचं नाही, नुसती परीक्षा. केसबुक, म्हणजे स्वतः केलेल्या बाळंतपणांची नोंदवही, घरी बसून भरायचं. यांचं म्हणणं तेच घे. मी एक्केचाळीस वर्षांची झाले. मी दिवसभर बाहेर गेले तर आत्याबाईंचं कसं होईल तेही कळत नाही. तुम्ही सांगाल ते करीन. पण जे केलं नाही ते लिहायला माझा हात धजत नाही, मामा.’

शेवटची ओळ आली की बद्रीनाथ कागद मिटत.

आज वीस तारीख, सोमवार. स्वयंपाकघरातून मुलाचा आवाज येत होता. सुदर्शन डबा भरून घेत होता. चितेगावच्या कंपनीची बस साडेसातला कोपऱ्यावर यायची.

“तू उगं डोक्याला ताप करून घेतीस. तो ॲडमिशनवाला मानूस म्हणला ना, दोनदा परीक्षेला जायचं, बास.”

“अन् केसबुक?”

“दादा लिहितील की. आयुष्यभर नकलाच केल्यात त्यांनी. अक्षर बघ, छापल्यावानी.”

“वीस बाळंतपणं मामांच्या अक्षरात?” तनुजा हसली. “परीक्षक म्हणल, बाई, डिलिव्हऱ्या केल्या कुणी, सासऱ्यानं?”

सुदर्शनही हसला, मग हसता हसता थांबला. “ती मोनाली तुझ्या हाताखाली सलाइन लावायला शिकली. आज पदवी हाय म्हणून तीच तुझी ड्यूटी लावती. ते बी तुला सहन होत नाय, अन् हे बी जमत नाय. मग करतीस काय?”

“मला नाय माहीत,” ती म्हणाली.

तिलाही माहीत नाही… हे ऐकून त्यांना क्षणभर बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची लाज वाटली.

नकला. बत्तीस वर्षं भूमी अभिलेखच्या कचेरीत त्यांनी दुसऱ्यांच्या जमिनींचे कागद उतरवले, हे खरंच होतं. पण सुदर्शनला रुजवात माहीत नव्हती. नक्कल तयार झाली की मूळ कागद एकानं मोठ्यानं वाचायचा, दुसऱ्यानं नकलेवर बोट ठेवून ऐकायचं, ओळ न् ओळ, आकडा न् आकडा जुळला की मगच ‘रुजवात घेणार’ या शब्दांपुढं सही. लोक खिडकीशी ताटकळत, साहेब ओरडत, शेजारचे कारकून म्हणत, ‘बद्रीनाथ, टाक की सही, कोण बघतंय?’ बत्तीस वर्षांत एकदाही टाकली नाही. मग तिला उत्तर सोपं होतं, नाही का? इथलंच घे, खरं ते शिक. चार शब्द. ते त्यांनी लिहिलेही होते, तिसऱ्या की चौथ्या दिवशी, आणि वाचून बघितलं तर ते सत्काराच्या भाषणातल्यासारखे वाटले. फाडून टाकले. मग दुसरा मसुदा, ‘तुझं वय, घरची परिस्थिती पाहता’ असा सुरू होणारा. आणि त्यात परिस्थिती म्हणजे कोण? मीच. दुपारभर बायकोपाशी एकटं राहायला भिणारा मीच. तिची कायम सेकंड शिफ्ट, म्हणून दीड ते सहा एवढंच एकटं असतो, तर घड्याळाकडं बघत बसतो. सकाळी आठ ते चार, दोन वर्षं… म्हणजे तिला घरबसल्या पदवी घे म्हणावं तर तो माझा भित्रेपणा, आणि इथली घे म्हणावं तर तो मोठेपणा. यांतलं तिच्यासाठी काय आहे?

तनुजा धुणं वाळत घालायला गच्चीवर गेली तेव्हा त्यांनी कॉटशेजारची खुर्ची ओढली. त्यांची बायको कडूबाई, तनुजाच्या आत्याबाई, दोन वर्षांपासून अंथरुणात होती. अर्धांगाच्या झटक्यानं उजवं अंग गेलं, आणि बोलणं गेलं, एक शब्द सोडून.

“तनुजानं इथल्या कॉलेजात जावं का?”

“व्हय,” कडूबाई म्हणाली.

“का घरीच राहून करावं?”

“व्हय.” तेवढ्याच खात्रीनं, डोळे त्यांच्यावर रोखून. पूर्वी या घरातला प्रत्येक निर्णय तिचा असायचा. दौलताबादच्या माहेरची बाई, पेरूवाल्याला पाटी उलटी करायला लावून तळचे पेरू बघणारी. आता ती कशाला व्हय म्हणत होती? की तिला काही तिसरंच सांगायचं होतं आणि त्याला शब्द हाच एक उरला होता… तिच्या ओठाच्या कोपऱ्यातली लाळ त्यांनी पदरानं टिपली. हे कुणी सांगितल्याशिवाय करता येत होतं.

दाराच्या आतल्या बाजूला तक्ता चिकटवलेला होता. वेळ, कूस, सही. तनुजानं पहिल्याच आठवड्यात आखलेला. दर दोन तासांनी कूस बदलायची; नाहीतर एकाच जागी भार पडून कातडी मरते, मामा, आधी लाल होते, मग उघडते, मग हाडापर्यंत जाते. बद्रीनाथांची नजर वर सरकली, सात तारखेच्या ओळींवर. ती सरकू नये म्हणून ते बारा दिवस खुर्ची दाराकडं पाठ करून ठेवत होते.

सात तारीख, मंगळवार. दीडला ते पुस्तक घेऊन बसले होते. छान पुस्तक होतं… आता त्यातलं काहीही आठवत नाही. मान वर केली तेव्हा सव्वाचार. कडूबाई बारापासून डाव्या कुशीवर तशीच होती, डोळे उघडे. तिनं हाक मारली असेल का? व्हय, व्हय म्हणाली असेल? त्यांनी घाईघाईनं तिला वळवलं आणि मग पेन घेऊन दारापाशी गेले. दोनची जागा कोरी होती. त्यांनी लिहिलं, ‘दु. २.००, उजवी, ब.’ खाली लिहिलं, ‘दु. ४.००, पाठ, ब.’ आणि पुन्हा जाऊन कडूबाईला पाठीवर केलं, म्हणजे निदान ती नोंद खोटी नको. अक्षर छापल्यासारखं. हात धजला होता.

रात्री तनुजानं अंग पुसताना डाव्या खुब्यावर रुपयाएवढी लाली बघितली. बोटानं दाबली, बोट उचललं. लाली हटली नाही.

“दोनला आत्याबाई कुठल्या कुशीवर होत्या, मामा?”

“उजव्या.”

तिनं वळून तक्ता बघितला. जरा जास्तच वेळ बघितला की तेवढाच? “बरं,” म्हणाली.

दुसऱ्या दिवशी पत्र.

म्हणजे शेवटची ओळ कुणासाठी होती? तिच्यासाठी की माझ्यासाठी? तिला कळलं असेल आणि तरीही तिनं मलाच विचारलं असेल, तर ती कसली बाई आहे… आणि कळलं नसेल, तर ती एका खोट्या सहीच्या माणसाला विचारत बसली आहे, खोटं लिहू की नको.

दीडला ती तयार होऊन निघाली. दारात चप्पल घालता घालता नेहमीप्रमाणे म्हणाली, “जाते, मामा. दोनला.” पूर्वी ती ‘दोनला विसरू नका’ म्हणायची ना? की नेहमीच एवढंच म्हणायची?

दोनला पाच कमी असताना ते उठले. पुस्तक आज उघडलंच नव्हतं. एक हात खांद्याखाली, एक खुब्याखाली, आधी गुडघा दुमडून… ती जड होती, आणि त्यांचे हात जन्मभर फक्त कागद उचललेले. पहिल्या वेळी ती अर्ध्यातून परत कलंडली. दुसऱ्या वेळी तिनं आपला चालता हात त्यांच्या मानेत टाकला. एवढ्या जवळून तिचा श्वास त्यांनी कित्येक वर्षांत ऐकला नव्हता. दोन्ही गुडघ्यांत उशी घातली. टाचा बघितल्या. टाचा बघायच्या असतात का, की कोपर? खुब्यावरची लाली आता फिकट तपकिरी झाली होती. ती बरी होते आहे की आत जाते आहे, हे त्यांना कळेना. तनुजाला कळलं असतं. पण बारा दिवसांत त्यांनी तिला एकदाही विचारलं नव्हतं.

तक्त्यावर त्यांनी लिहिलं, ‘दु. २.१०.’

मग टेबलाशी बसून एका दमात लिहिलं, मसुदा न करता:

‘चि. तनुजा हीस आशीर्वाद. तारीख ७ रोजी दुपारी दोन वाजता कडूबाईची कूस बदलली नव्हती. नोंद मी केली, ती खोटी आहे. चारची नोंदही सव्वाचारची आहे. मी वाचत बसलो होतो. कोणत्या कॉलेजात जावंस हे मला कळत नाही, आणि कळत नाही एवढं लिहायला बारा दिवस लागले. इथलं घेतलंस तर दिवसाच्या चार कुशी माझ्याकडे येतील. जाण्याआधी मला शिकव. शिकवलेलं येतं का ते बघ, आणि दया करून पास करू नको. नापास झालो तर तसं सांग. मग सुदर्शनशी मी बोलेन, कुणी बाई ठेवू. केसबुक मात्र मी लिहिणार नाही.’

वाचून बघितलं. शेवटचं वाक्य कुठून आलं? ते ठरवलेलं नव्हतं. खोडावं का… खोडलं नाही.

आता हे तिच्या हातात देणं. ते त्यांच्यानं होणार नव्हतं. तिच्या उशाखाली ठेवलं तर आठ वाजायच्या आत आपणच काढून घेऊ, हे त्यांना स्वतःबद्दल पक्कं माहीत होतं. खणात पोस्टाची जुनी पाकिटं होती. त्यांनी एकावर सुनेचं नाव घातलं, आणि खाली स्वतःच्याच घराचा पत्ता.

चारला पुन्हा कूस बदलली. सहाला सुदर्शन आला. “आलोच,” म्हणून ते बाहेर पडले. पोस्ट चार गल्ल्यांवर. लाल पेटीच्या फटीत पाकीट अर्धं सरकवून त्यांनी बोटं तशीच ठेवली. पेटी उद्या सकाळी उघडणार, बुधवारी वाटप, नाहीतर गुरुवारी. शुक्रवार उलटूनही जाईल… म्हणजे उशीर व्हावा म्हणूनच पोस्टात टाकतोय का मी? घरी जाऊन तोंडानं सांगायला हवं. सांगेन? नाही सांगितलं तर गुरुवारपर्यंत ती तसाच चहा ठेवणार, तसंच मामा म्हणणार… आणि ते तीन दिवस मला हवेत की नकोत?

पाकीट आत पडलं. बोटांनी सोडलं की निसटलं, कोण जाणे.

परत घ्यायचं तर पोस्टमास्तरांच्या नावे अर्ज द्यावा लागेल. सवयीनं मसुदा मनात तयार होऊ लागला. विषय: टाकलेले पत्र परत मिळणेबाबत. मी खाली सही करणार, राहणार गारखेडा, विनंती करतो की, दिनांक वीस रोजी सायंकाळी टाकलेले पाकीट पुढील कारणास्तव… इथं मसुदा अडला. कारण लिहायला हवं होतं. एरवी त्यांना अशी कारणं दहा सुचली असती.

“चचा, जरा बाजू,” मागून रिक्षावाला म्हणाला.

ते बाजूला झाले आणि तिथंच उभे राहिले, कारण शोधत. सुचत नव्हतं. थोडा वेळ आणखी बघावं, असं म्हणून ते उभेच होते, आणि सुचत नव्हतं.